रातांब्याला किलोमागे पाच रुपये जास्त दिले, तर बाटली किती महागते?

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून हा प्रश्न आलाय. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाडीत चाळीसेक घरं आहेत. घरटी दहा-वीस हापूसची कलमं, परड्यात रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, आणि फणस. दरवर्षी मे महिन्यात बरंचसं फळ झाडाखाली कुजतं, उरलेलं कॅनिंगवाल्याचा टेम्पो येऊन पडेल त्या भावाने उचलतो. मुंबईची नोकरी सोडून आलेले दोन तरुण आणि अकरा बायकांचा बचत गट मिळून प्रक्रिया युनिट काढणार आहेत. पल्पर (फळाचा रस काढणारं यंत्र), बॉयलर, केटल (रस शिजवायचं भांडं), सीमर (डबे बंद करणारं यंत्र) असं सगळं धरून यंत्रवाल्याने २४ लाखांचं कोटेशन दिलंय. त्यांचा प्रश्न असा: यातली कोणती यंत्रं घ्यावीत आणि अनुदान किती मिळेल?

मी गेली बावीस वर्षं कुडाळ तालुक्यात असंच एक छोटं युनिट चालवते. सुरुवात घराच्या पडवीत झाली, आता शेड आहे. हंगामात चौदा बायका काम करतात, एरवी पाच. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण यंत्रांची नाही. मे महिन्यात वाडीतल्या फळाचे रोख पैसे कोण देणार आणि ऑक्टोबरात तुमची बाटली कोण विकत घेणार, हे दोन प्रश्न आधी सोडवायला हवेत. त्यांची उत्तरं मिळाली की यंत्रांची यादी आपोआप निघते, आणि बहुतेक वेळा ती कोटेशनपेक्षा खूप लहान असते.

आधी आंब्याचा हिशेब करू. चाळीस घरांतला चांगला आंबा पेटीतूनच जाणार आणि गेलाही पाहिजे, कारण त्याला प्रक्रियेत पेटीएवढे पैसे कधीच मिळत नाहीत. तुमच्याकडे उरतं ते लहान, डागी आणि वाऱ्याने पडलेलं फळ. ते दहा टन धरा. छोटा पल्परसुद्धा तासाला दोनशे-अडीचशे किलो काढतो. आठ तास चालवला तर दिवसाला दोन टन. म्हणजे तुमच्या अख्ख्या वाडीचा आंबा पाच दिवसांत संपला. उरलेले ३६० दिवस यंत्र झाकून ठेवायचं आणि हप्ता मात्र बारा महिने भरायचा. वर्ष भरून काढायला बाहेरून आंबा आणावा लागेल. तो आणायला आणखी भांडवल लागेल, आणि मग तुम्ही ज्याच्या भावाला कंटाळलात त्या कॅनिंगवाल्याशीच तुमची स्पर्धा सुरू होईल. त्याच्याकडे पंचवीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत.

म्हणून आंब्यासाठी पहिली दोन वर्षं जॉबवर्क करा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किती तरी कॅनिंगवाले डब्यामागे मजुरी घेऊन तुमच्या आंब्याचा रस तुम्हाला डबाबंद करून देतात. पिकवून, निवडून आंबा तुम्ही न्यायचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, साका, म्हणजे हापूसच्या गरात आतून होणारा बिघाड, बाहेरून दिसत नाही. फळ कापून पाहिल्याशिवाय रसाला लावू नका, आणि पहिल्या दिवशी तिथे स्वतः उभे राहा. आंब्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास रस येतो. सुरुवातीला दोन टन नेलेत तर साधारण हजार किलो रस, म्हणजे ८५० ग्रॅमचे अकराशे-बाराशे डबे. एवढे डबे विकून दाखवलेत की पल्परचा विचार करा. विकले गेले नाहीत तर तुमचं नुकसान काही हजारांचं होईल, २४ लाखांचं नाही.

आता रातांब्याकडे येते. माझ्या मते तुमच्या गटाची सुरुवात इथून व्हावी. पहिलं कारण, याला मोठं यंत्र लागत नाही. दुसरं, रातांबे परड्यातले. फवारणी नाही, खत नाही, आणि पुष्कळ घरांत ते गोळा करून विकणं हे बायकांचं काम, त्याचे पैसेही बायकांच्या हातात राहतात. आंब्याच्या पैशाचं तसं नसतं. तिसरं कारण धंद्याचं आहे. एकाच फळापासून तीन-चार गोष्टी निघतात आणि त्या वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी खपतात. सालीची आमसुलं होतात, रसात मीठ घालून आगळ होतं, सालीत साखर घालून सरबत होतं, आणि बिया धुऊन वाळवल्या की कोकमतेलवाला नेतो.

बहुतेक जण सरबतापासून सुरुवात करतात, कारण लेबल लावलेली लाल बाटली देखणी दिसते. मी तसं करू नका म्हणेन. सरबत बनतं एप्रिल-मेमध्ये, पण बाजारात त्याची खरी मागणी फेब्रुवारीनंतर सुरू होते. मधे गणपतीत चाकरमानी नेतात तेवढंच. म्हणजे बाटलीत घातलेले पैसे आठ-नऊ महिने फडताळात पडून राहतात. आमसुलं मात्र रोजच्या आमटीत पडतात. आगळ सोलकढीसाठी खानावळींना बारा महिने लागतं, आणि मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे इथल्या हॉटेलांना तर पाच लिटरच्या कॅनमध्ये हवं असतं. त्यांना देखणी बाटलीही नको असते आणि लेबलाचं कौतुकही नसतं. दर वेळी तेच आंबट-खारट प्रमाण आणि तोच रंग एवढीच त्यांची अट.

आमसुलांसाठी मात्र ऊन हवं. साल रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. अशी चार-सहा पुटं द्यायची, तेव्हा कुठे आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. त्याला आठेक दिवस कडक ऊन लागतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मळभ आलं की सगळं काम अडतं आणि साल बुरसते. पहिला मोठा खर्च करायचाच असेल तर सोलर ड्रायर करा, किंवा निदान पारदर्शक छपराचा, जाळी लावलेला मांडव घाला. माझ्या युनिटमध्ये सगळ्यात आधी पैसे फेडले ते या मांडवाने.

आता शीर्षकातल्या प्रश्नाचा हिशेब. सरबताचंच उदाहरण घेते, कारण त्यात सगळे खर्च दिसतात. भाव तुमच्याकडचे घालून पाहा, पद्धत महत्त्वाची. एक टन रातांबे किलोला २५ रुपयांनी घेतले, २५ हजार. त्यातून साल निघते निम्मी, ५०० किलो. तिला दुप्पट साखर, म्हणजे १,००० किलो. ४५ रुपयांनी ४५ हजार. आठवडाभर मुरवून गाळलं की अकराशे-बाराशे किलो सिरप मिळतं, ७०० मिलीच्या साधारण बाराशे बाटल्या. बाटली, झाकण, लेबल आणि खोका मिळून बाटलीमागे २० रुपये धरले तर २४ हजार. मजुरी, वीज, पाणी आणि वाहतूक मिळून आणखी २६ हजार. एकूण १ लाख २० हजार, म्हणजे बाटली शंभर रुपयांना पडली.

यात शेतकऱ्याच्या हातात किती गेले? शंभरातले २१ रुपये. साखर फळापेक्षा महाग पडली, आणि बाटली-खोक्याला जवळजवळ फळाइतकेच लागले. आता तुम्ही रातांब्याला २५ ऐवजी ३० रुपये दिलेत तर टनामागे पाच हजार वाढतील. बाराशे बाटल्यांवर वाटले तर बाटलीमागे चार रुपये. फक्त चार. आणि दर पाच रुपयांनी वाढवला तर वाडीतल्या बाईला पाटीमागे शंभर रुपये जास्त मिळतात, पाटी वीस किलोची धरली तर. तुम्हाला ‘शेतकऱ्यांना आधार’ द्यायचाय ना, तो या चार रुपयांत आहे. अमुक युनिटला चांगला भाव देणं परवडलं नाही असं कोणी सांगितलं, तर मी आधी त्यांचा कर्जाचा हप्ता, पडून राहिलेला माल आणि दुकानदाराकडची उधारी विचारते. फळाचा भाव देऊन बुडालेलं युनिट माझ्या पाहण्यात नाही.

हीच बाटली विकायची कुठे तेही याच हिशेबातून कळतं. छापील किंमत १६० ठेवलीत आणि दुकानदाराने तीस टक्के घेतले, तर तुमच्या हातात ११२ येतील. बारा रुपये सुटले, तेही दीड-दोन महिन्यांच्या उधारीवर. तीच बाटली थेट गिऱ्हाइकाला दिलीत तर साठ सुटतात. निदान निम्मा माल थेट विकला जात नसेल तर दुकानांच्या मागे लागून दमछाक होईल. तुमच्या वाडीची मुंबईत जेवढी घरं आहेत, तेवढी तुमची पहिली गिऱ्हाइकं. गणपतीत प्रत्येक घरी एक पिशवी द्या, फुकट नको. जाताना चाकरमान्यांनी शेजाऱ्यांसाठी दोन नेल्या तर समजा माल बरा आहे. पहिल्या तीन वर्षांत माझा निम्म्याहून अधिक माल लालबाग आणि डोंबिवलीतल्या नातेवाइकांच्या ओळखीतून गेला.

पैसे देण्याबद्दल एक कटू अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी मी एका घाऊक गिऱ्हाइकावर विसंबून दुप्पट रातांबे घेतले आणि वाडीतल्या बायकांना ‘पैसे पंधरा दिवसांत’ असं सांगितलं. त्या गिऱ्हाइकाने माल घेतला, पैसे मात्र दिवाळीनंतर दिले, तेही तुकड्यातुकड्याने. मला बायकांना जूनमध्ये तोंड दाखवता येईना. शाळा सुरू होते, कौलं शाकारायची असतात, त्यांना पैसे तेव्हाच हवे असतात. पुढच्या वर्षी निम्म्या घरांनी रातांबे व्यापाऱ्याला दिले, माझ्यापेक्षा तीन रुपये कमी भावाने, पण रोख. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून माझा नियम असा: वजनकाटा सगळ्यांना दिसेल असा अंगणात, वजन सांगायचं मोठ्याने, आणि पैसे त्याच संध्याकाळी. हाताशी जेवढी रोकड तेवढंच फळ. तुमचे २४ लाख उभे राहणार असतील तर त्यातले आधी चार-पाच लाख खेळतं भांडवल म्हणून बाजूला काढा आणि त्यांना यंत्राचा वास लागू देऊ नका.

म्हणजे आतापर्यंतचं असं झालं: आंबा जॉबवर्कवर, सुरुवात आमसुलं आणि आगळापासून, सरबत थोडं आणि थेट विक्रीपुरतं, फळ रोखीने.

आता शास्त्राचा भाग, कारण इथे चूक झाली तर नुकसान पैशापुरतं राहत नाही. पहिल्याच दिवशी दोन उपकरणं घ्या, साखरेचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि आंबटपणा मोजणारा पीएच मीटर (पीएचचा आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट). दोन्ही मिळून एका स्टीलच्या टेबलाच्या किमतीत येतात. पीएच ४.६ च्या वर असलेला पदार्थ नुसता उकळून हवाबंद केला तर त्यात जीवघेणं विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. रातांबा अतिशय आंबट, त्यामुळे तिथे हा धोका नाही. हापूसचा रस साधारण ४ च्या आसपास असतो, म्हणून रसात सायट्रिक ॲसिड घालून तो ४ च्या खाली आणतात. पिका फणस मात्र ५ च्या वर असतो. फणसाचे गरे पाकात घालून घरगुती पद्धतीने बाटलीबंद करण्याचे व्हिडिओ फिरतात, ते पाहून तसं करू नका. आम्लता न मोजता फणस बंद डब्यात घालायचा नाही. बरक्या फणसाची पोळी घाला, काप्याचे तळलेले गरे करा, दोन्ही सुरक्षित आणि दोन्हींना मागणी आहे.

संरक्षकाबद्दलही सांगते, कारण ही चूक मी केली आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला आपण केएमएस म्हणतो, ते आंब्याच्या स्क्वॅशला चालतं. तेच मी तिसऱ्या वर्षी कोकम सरबताला वापरलं. त्यातल्या सल्फर डायऑक्साइडने कोकमाचा लाल रंग उडतो. तीनशेच्या आसपास बाटल्या महिन्याभरात फिकट झाल्या आणि परत आल्या. कोकम, जांभूळ, करवंद अशा लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट वापरायचं, नियमात ठरलेल्या मर्यादेतच, आणि काट्यावर मोजून. चमच्याने अंदाजे नाही. बाटल्या धुतल्यावर पूर्ण कोरड्या करायच्या. आत राहिलेल्या पाण्याच्या थेंबाभोवती सिरप पातळ होतं आणि तिथूनच आंबायला लागतं. आगळात मीठ कमी पडलं की तोंडाशी पांढरी बुरशी धरते. हे सगळं पुस्तकात वाचून जमत नाही. हंगामाआधी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात गटातल्या किमान दोघींना प्रशिक्षणाला पाठवा. दोघी अशासाठी की एकीच्या घरी लग्न निघालं तरी काम अडायला नको.

अनुदानाचं विचारलंत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेली केंद्राची योजना आहे, तिला सगळे पीएमएफएमई म्हणतात. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात. किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात, बाकीचं कर्ज. तुमच्या २४ लाखांवर ८ लाख ४० हजार होतात. पण ते तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत कर्ज खात्याला जोडून ठेवले जातात आणि तीन वर्षं खातं नियमित राहिलं तरच कर्जात वळते होतात. म्हणजे अनुदान मिळतं हप्ते भरू शकणाऱ्याला. जो अनुदानाच्या जोरावर हप्ते भरायचं ठरवतो, तो तिसरं वर्ष पाहत नाही. याच योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे, छोटी अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी. तुमच्या अकरा जणींसाठी मला ती मोठ्या कर्जापेक्षा जास्त कामाची वाटते. मुदत आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चालू स्थिती विचारून घ्या. तिथे या योजनेचे जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेले असतात, अर्ज भरायला तेच मदत करतात.

परवान्यांचं फार भय धरू नका. अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते, वेष्टनबंद माल विकायला वैधमापन विभागाची नोंदणी लागते, आणि लेबलावर बॅच नंबर, तारीख, निव्वळ वजन, घटक, किंमत हे सगळं यायला हवं. लेबल छापायच्या आधी एकदा जाणकाराला दाखवा, पाच हजार चुकीची लेबलं फेकून देणं जिवावर येतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते लेबलावर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. पहिल्या वर्षी घाई नाही, तिसऱ्या वर्षी जरूर करा.

आता माझं सगळं सांगणं ज्यावर अवलंबून आहे ते. मेमध्ये तुमच्या विहिरीला पाणी असतं का? नसेल तर फळ धुण्यापासूनच अडचण, मग शेड दुसऱ्या वाडीत घालावी लागेल. तुमच्याकडे रातांबे कमी आणि काजू जास्त असेल तर माझा क्रम बदलेल. वाडीतलाच कोणी व्यापारी आज बायकांना आगाऊ रक्कम देऊन बांधून ठेवत असेल, तर त्याच्याशी भांडण घेण्याआधी त्याला आमसुलांचा पुरवठादार करून घेता येईल का ते पाहा. आणि गटाचा हिशेब एकाच घरात राहणार असेल तर थांबा. दोन तरुण आणि अकरा बायका यांच्यात नफा कसा वाटायचा, हे पहिली बाटली भरण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. उत्पादक कंपनीची घाई नको. दोन हंगाम एकमेकांना उमजू द्या, मग कंपनीला लागणारे दहा सभासद आहेतच तुमच्याकडे.

रातांब्याला अजून अवकाश आहे, तेवढ्यात एक काम करा. घरोघर फिरून झाडं मोजा. प्रत्येक घरात विचारा, गेल्या मेमध्ये किती पाट्या विकल्या, कोणाला, कुठल्या भावाने, आणि पैसे किती दिवसांनी मिळाले. एका वहीत लिहा. जवळच्या पाच खानावळवाल्यांना विचारा, वर्षाला आगळ किती लिटर लागतं आणि आत्ता कुठून घेतात. हे दोन आकडे इथेच लिहा. यंत्रांची यादी आपण त्यावरून करू. माझ्या अंदाजाने तिच्यात एक चांगला वजनकाटा, स्टीलची टेबलं, झाकणाचे अन्नाला चालणारे पिंप, गाळण्या, पीएच मीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि तो मांडव एवढंच असेल.